अर्ध्यावर थांबवलेली शस्त्रक्रिया



कार्यवाहांनी मला आधी जो विषय दिला होता तो 'चष्म्यापासून मुक्ती' असा होता. मी म्हटलं, मुक्तीवर बोलायला एखादे कीर्तनकार बोलवा. मला बोलवायचं असेल तर ही शस्त्रक्रिया चालू असताना काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर डॉक्टरनं काय करायचं, यावर बोलू द्या. ते जरा दचकले. पण इंदूरच्या श्रोत्यांवर त्यांचा विश्वास दिसला, म्हणून मी आज इथे उभा आहे.

एका प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाहीतर मागच्या रांगेतून तो येणारच. इतकी वर्षं दुसऱ्यांचे चष्मे उतरवले आणि स्वतः मात्र जाड भिंगांचा चष्मा लावता, हे कसं? त्याचं कारण साधं आहे. माझ्या डोळ्याचं पारपटल पातळ आहे आणि त्याचा खालचा भाग जरा जास्त फुगीर आहे. मी स्वतःच माझ्या दवाखान्यात पेशंट म्हणून आलो असतो, तर मी मला परत पाठवलं असतं. या शस्त्रक्रियेतला पहिला आणि सर्वांत मोठा बचाव हाच आहे. ज्याला ती सोसणार नाही, त्याला टेबलावर घ्यायचंच नाही.

आता पारपटल म्हणजे काय ते सांगतो. घड्याळावर काच असते तसा आपल्या बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो. आम्ही डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरहून थोडी जास्त. ज्याला लांबचं दिसत नाही, मायनस नंबर असतो, त्याचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो. त्यामुळे किरण मागच्या पडद्यावर न पोचता अलीकडेच एकत्र येतात. पारपटलाचा मधला भाग किंचित सपाट केला, की किरण मागे सरकतात आणि नेमके पडद्यावर पडतात. सगळ्या शस्त्रक्रियेचा हेतू एवढाच.

हे करायचं कसं, यावर माणसानं बरीच वर्षं डोकं चालवलं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात होसे बाराकेर या नेत्रतज्ज्ञानं पारपटलाचा वरचा थर कापून, गोठवून, लेथवर घासून परत बसवण्याचा मार्ग शोधला. पुढे १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत तीन शास्त्रज्ञांनी एक्सायमर लेझर जैविक ऊतींवर वापरून पाहिला. त्यांतले एक, रंगस्वामी श्रीनिवासन, आपल्या मद्रासकडचे. सणाच्या जेवणात उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हा लेझर मारला. आजूबाजूचा भाग न भाजता, न करपता, नीट खाच पडली. या लेझरच्या एका ठोक्याला पाव मायक्रॉनच्या आसपास थर उडतो. आपल्या डोक्यावरचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचे पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या, आणि 'लॅसिक' हे नाव आलं.

लॅसिकमध्ये दोन पायऱ्या आहेत, आणि आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा भार त्या दोन पायऱ्यांमधल्या फरकावर आहे. पहिल्या पायरीत पारपटलाचा वरचा १०० ते १६० मायक्रॉनचा थर कापून पोळीच्या पापुद्र्यासारखा उचलायचा. तो एका बाजूनं जोडलेला ठेवायचा, दाराला बिजागरी असावी तसा. दुसऱ्या पायरीत खालच्या उघड्या भागावर लेझर मारायचा आणि मग पापुद्रा परत मिटायचा. टाका नाही, पट्टी नाही. एका नंबरासाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर जातो. म्हणजे ५३० मायक्रॉनच्या पारपटलातून १६० चा पापुद्रा उचलला आणि सहा नंबर काढायला ८० गेले, तर खाली २९० उरतात. किमान २५० तरी उरलेच पाहिजेत, ३०० उरले तर बरं. हा हिशेब चुकला तर पारपटल पुढे सैल पडतं.

पहिल्या पायरीत काही चुकलं तर पापुद्रा जिथल्या तिथे परत ठेवता येतो. दुसऱ्या पायरीत लेझरनं उडवलेला कण जगातला कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही. एवढं लक्षात ठेवा, आणि आता माझी गोष्ट ऐका. ज्या व्यक्तीची ही गोष्ट आहे तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख लागेल असं काही सांगणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या शाळेतल्या मित्राची मुलगी. लग्न ठरलेलं, सहा आठवड्यांवर आलेलं. साडेपाचचा मायनस नंबर. मुलाकडच्यांची काही अट नव्हती, पण घरातच कुणीतरी म्हणालं की फोटो चांगले येतील, आणि ते सगळ्यांना पटलं. तपासणी झाली. जाडी चांगली होती. एक आकडा मात्र थोडा वेगळा होता. तिचं पारपटल नेहमीपेक्षा जास्त उभार होतं, ४८ च्या घरात. मी तो आकडा पाहिला, कागदावर लिहिला आणि पुढे गेलो. हे आज तुमच्यासमोर मुद्दाम सांगतो आहे.

त्या काळी पापुद्रा आम्ही एका यांत्रिक पात्यानं कापत असू. डोळ्यावर एक कडी बसवायची, तिच्यातून हवा ओढून डोळा घट्ट धरायचा. त्या दाबामुळे पेशंटला काही क्षण अंधारल्यासारखं होतं. मग सुताराच्या रंध्यासारखं पातं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवायचं. पारपटल फार उभार असेल, तर सपाट दाबताना त्याचा मधला भाग आत चेपतो, पातं तिथे वर निसटतं, आणि पापुद्र्याच्या बरोबर मध्ये भोक पडतं. शर्टाला काजं असतं तसं. तिच्या उजव्या डोळ्यात तेच झालं.

सूक्ष्मदर्शकातून मला ते दिसलं. लेझरमध्ये तिचा नंबर भरलेला, यंत्र तयार, पाय पेडलवर. बाहेर तिचे आईवडील. आणि श्रोतेहो, या शस्त्रक्रियेत पेशंट पूर्ण जागा असतो. भूल फक्त थेंबांची असते. आपण काय बोलतो, किती वेळ गप्प राहतो, सगळं त्याला कळतं. ती म्हणाली, "काका, झालं?"

त्या वेळी मनात काय येतं ते खरं सांगतो. मनात येतं, भोक लहानच आहे, मारून टाकू लेझर, होईल ठीक. पण भोकाच्या जागी वरची त्वचा तशीच शिल्लक असते. तिथे लेझर एक खोली घेतो, शेजारी दुसरी. नजरेच्या अगदी मध्यावर खाचखळगे होतात, व्रण राहतो, वरच्या पेशी पापुद्र्याखाली शिरून वाढू लागतात. मग जे वेडंवाकडं दिसू लागतं ते चष्म्यानंही सुधारत नाही. मी पाय पेडलवरून काढला. म्हटलं, "नाही बेटा, आज करत नाही. थांबतोय. डोळा सुरक्षित आहे, बाहेर आल्यावर सगळं सांगतो."

पापुद्रा न ताणता जिथल्या तिथे बसवला, कडा जुळवल्या, खालचं पाणी टिपलं आणि वर पट्टीसारखी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवली. डाव्या डोळ्याला हात लावला नाही. जे एका डोळ्यात झालं ते दुसऱ्यातही होण्याचा संभव असतो, कारण दोन्ही डोळ्यांची घडण सारखीच असते.

बाहेर मित्राला सांगितलं. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, पण तू मध्येच सोडलंस कसं? पुरं तरी करायचंस. हॉल ठरलाय, पत्रिका छापून आल्यात. आता मी लोकांना काय सांगू?" त्याच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, दिसेल ना तिला?" मी म्हटलं, "दिसेल वहिनी. पण आत्ता घाई केली असती, तर हे मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं." आणि पुढचंही सांगितलं, की तो उभारपणाचा आकडा माझ्यासमोर होता, मी आधीच दुसरी पद्धत सुचवायला हवी होती, ही चूक माझी आहे. मित्र काही न बोलता उठून गेला.

महिन्याभरात जखम भरली. चष्म्यानं उजव्या डोळ्याला आधीइतकं नाही, पण त्याच्या जवळपास दिसू लागलं. पत्रिका घेऊन ती स्वतः आली. लग्नात मुंडावळ्यांखाली चष्मा होता. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मित्र पंगतीत आग्रह करत फिरत होता, माझ्या पानापाशी आला, जिलबी वाढली आणि बोलला नाही.

साडेतीन महिन्यांनी, नंबर स्थिर झाल्याची दोन वेळा खात्री करून, उजव्या डोळ्यावर पृष्ठभागाचा लेझर केला. यात पापुद्रा कापायचाच नाही. सगळ्यांत वरची नाजूक त्वचा काढून वरूनच लेझर मारायचा, आणि व्रण धरू नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध काही सेकंद लावायचं. दुखतं जास्त, नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो, पण पात्याचा धोका नाही. नंतर डावाही तसाच केला. दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ ती वाचते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती उजव्या डोळ्याला फिकट वलय दिसतं. ते राहिलं आहे.

आता मध्येच उद्भवणाऱ्या बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो. त्या ऐकून घाबरायचं नाही. त्या क्वचित होतात, आणि प्रत्येकीवर ठरलेला उपाय आहे.

पहिली, डोळा धरून ठेवणारी कडी मध्येच सुटणं. डोळे खोल असतील, फट लहान असेल, किंवा पेशंटनं घाबरून डोळा जोरात मिटला, तर असं होतं. पात्यानं अर्धवट पापुद्रा कापला गेला असेल तर तो उचलायचा नाही. तसाच बसवून काही महिने थांबायचं. आता पापुद्रा बहुधा फेम्टोसेकंद लेझरनं कापतात. त्यात कडी सुटली तर पुष्कळदा पुन्हा बसवून त्याच खोलीवर काम पुरं करता येतं.

दुसरी, बिजागरीच न राहणं. पारपटल फार सपाट असेल तर पापुद्रा पूर्ण सुटून हातात येतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण खालचा भाग एकसारखा असेल तर लेझर करता येतो. तोवर ती टिकली सुकू द्यायची नाही, आणि नंतर अगदी होती तशीच, त्याच दिशेनं बसवायची. म्हणूनच शहाणा डॉक्टर कापण्याआधी शाईनं खुणा करतो.

तिसरी, फेम्टोसेकंद लेझरमध्ये तयार होणारे वायूचे बुडबुडे. कधी थर दुधासारखा पांढरट होतो, कधी बुडबुडे आत शिरतात आणि यंत्राला बाहुली सापडत नाही. इथे उपाय एकच, वाट पाहायची. बुडबुडे आपोआप विरतात. पण बुडबुडा वरच्या बाजूला फुटून बाहेर आला असेल, तर ती जवळजवळ भोकाचीच जात. तिथे पापुद्रा उचलायचा नाही.

चौथी अडचण यंत्राची नाही, माणसाची आहे. चुकीचा डोळा, चुकीचा आकडा, किंवा आधीच्या पेशंटचा नंबर तसाच राहणं. यावर उपाय म्हणजे मोठ्यानं वाचणं. नाव, डोळा, नंबर, अक्ष हे दोघांनी एकमेकांना ऐकू जाईल असं म्हणायचं. तुमचं नाव आत तीनदा विचारलं गेलं तर कंटाळू नका.

यातली बहुतेक उत्तरं एकाच वळणाची आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. शंका आली तर लेझर मारू नका. परत ठेवा. थांबा.

घरी गेल्यावर मात्र जबाबदारी तुमची. पहिल्या रात्री डोळा चोळला तर पापुद्रा सरकतो किंवा त्याला सुरकुती पडते. ती लवकर कळली तर उचलून सरळ करता येते, उशीर झाला तर इस्त्री न केलेल्या कपड्यासारखी घट्ट बसते. पहिल्या काही दिवसांत पापुद्र्याखाली वाळू पसरल्यासारखी सूज येऊ शकते. तिला स्टिरॉइडचे थेंब वारंवार घालावे लागतात, आणि वाढलीच तर खालचा भाग धुवावा लागतो. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर एक दिवसही थांबायचं नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला, नजर कमी झाली, तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. त्याच दिवशी जायचं.

डोळे कोरडे पडणं बऱ्याच जणांना होतं आणि काही महिन्यांत बहुधा कमी होतं. सगळ्यांत चिंतेची गोष्ट म्हणजे पारपटल सैल पडून पुढे येणं. ते महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतं. त्यावर ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील प्रकाश यांनी पारपटल घट्ट करण्याचा उपचार आहे. तो बिघाड थांबवतो, झालेलं सगळं परत आणत नाही. म्हणून पुन्हा तेच, तपासणीत शंका आली आणि डॉक्टर नाही म्हणाला, तर होकार मिळेपर्यंत गावभर दवाखाने फिरू नका.

आता घरच्यांसाठी काही. मुलाची किंवा मुलीची अठरा वर्षं पूर्ण झालेली असावीत, आणि नंबर वर्षभर बदललेला नसावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील तर तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या काढून ठेवाव्यात, नाहीतर मापं चुकतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ही शस्त्रक्रिया करू नये. डोळे सारखे चोळण्याची सवय असेल, घरात कुणाचं पारपटल सैल पडल्याचा इतिहास असेल, तर न विचारता सांगावं. सैन्यात किंवा रेल्वेत जायचं असेल तर तिथल्या वैद्यकीय अटी आधी वाचाव्यात. शस्त्रक्रियेनं चष्मा जातो, पण डोळा लांबटच राहतो. तेव्हा मागच्या पडद्याची तपासणी चालू ठेवायची. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा बहुधा लागतोच. आणि शस्त्रक्रियेआधीचे सगळे कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या भिंगाची शक्ती ठरवताना त्यांची गरज पडते. आपल्या घरांत पणजोबांच्या होळकर दरबारच्या सनदा जपलेल्या असतात. त्यांच्याशेजारी हीही एक फाईल ठेवा.

आणि डॉक्टरला एक प्रश्न नक्की विचारा. यंत्र कोणत्या कंपनीचं, किती लाखांचं, हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा, "मध्येच थांबावं लागलं, तर पुढे काय करणार?" ज्यानं याचा विचार केला आहे, तो पाच मिनिटं बसून नीट सांगेल. जो म्हणेल, 'आमच्याकडे असं होतच नाही', त्याच्याकडून उठून या.

लग्न, नोकरीची मुलाखत, परदेशाचं तिकीट यांच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया ठेवू नका. तीन-चार महिन्यांची मोकळी जागा मागे असली, की थांबणं डॉक्टरला सोपं जातं. नसली, तर सूक्ष्मदर्शकातून बघताना त्याला तुमची पत्रिकाही दिसते. मला दिसली होती.

तो मित्र पुढे दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. मंडळाच्या गणपतीत समोरासमोर आलो तरी आरतीचं तबक पुढे करायचा, एवढंच. नंतर काही वर्षांनी त्याला मोतीबिंदू झाला, तेव्हा फाईल काखेत मारून तो माझ्याकडेच आला. का, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. दोन्ही डोळे मीच केले.

 आता प्रश्न विचारा. चष्मा काढून विचारलात तरी चालेल, मी ऐकतो.